पगारवाढीची पत्रं वाटली की शॉप आठवडाभर का बिघडतो

नाशिकच्या अंबडमधल्या एका शीटमेटल कारखान्यात मी सतरा वर्षं एचआर आणि ॲडमिन बघते. नव्वदेक माणसं, तीन शिफ्ट. प्रेस, वेल्डिंग, पावडर कोटिंग. गाड्यांचे ब्रॅकेट आणि इलेक्ट्रिकल पॅनेलचे दरवाजे हे आमचं काम. एचआर डिपार्टमेंट म्हणजे मी आणि टाइम ऑफिसमधला, म्हणजे हजेरी बघणारा, एक मुलगा. त्यामुळे खाली लिहिलेलं सगळं छोट्या कारखान्याच्या मापाचं आहे. हजार माणसांच्या कंपनीत युनियनशी करार होतो, तिथला खेळ वेगळा.

बिघाड असा आहे. एप्रिलच्या शेवटी पत्रं वाटतो. ज्यांना कमी वाढ लागली त्यांना वाईट वाटणारच. पण बिघडतो तो अख्खा शॉप, म्हणजे मशीनवर काम करणारी सगळीच माणसं. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला सात-आठ दांड्या. निम्म्यांना एकाच दिवशी गावी काम निघतं. ओव्हरटाइमचं विचारलं तर कोणी मान वर करत नाही. कँटीनमध्ये बसायच्या जागा बदलतात. एरवी आठवड्यात भरणारी रिजेक्शनची, म्हणजे नापास मालाची, बिन दोन दिवसांत भरते. आणि दहाव्या दिवशी गरवारे पॉइंटला चहाच्या टपरीवर आपला चांगला वेल्डर शेजारच्या कंपनीच्या कंत्राटदाराबरोबर उभा दिसतो.

मालकांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: पैसे कमी पडले, दुसरं काय. मीही बरीच वर्षं हेच मानत होते. पण २०१८ ला आम्ही हात सैल सोडून वाढ दिली होती, तरी तो आठवडा गेलाच. आणि २०२० ला लॉकडाऊननंतर जूनमध्ये प्रेस पुन्हा चालू झाल्या तेव्हा कोणालाच एक रुपयाही वाढवला नव्हता, तरी शॉप शांत होता. नोकरी टिकेल का ही भीती तेव्हा सगळ्यांनाच होती, ते नाकारत नाही. पण अजून एक गोष्ट झाली होती. मालक स्वतः शंभर टनी प्रेसजवळ उभे राहिले, फेब्रुवारीत किती गाड्या माल गेला आणि जूनमध्ये किती जातोय ते दोन आकडे सांगितले, आणि वाढ नाही म्हणाले. पाच मिनिटं. त्यात कोणाच्या कामाबद्दल एक शब्दही नव्हता.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की फॉल्ट रकमेत नाही, जोडणीत आहे.

फॉल्ट कुठे सापडतो

पगारवाढ कमी असण्याची कारणं दोनच. एक कंपनीचं: ऑर्डर नाही, पेमेंट अडकलं, पत्र्याचा भाव वाढला. दुसरं माणसाचं: काम कमी पडलं. या दोन वेगळ्या वायरी आहेत. आणि दरवर्षी कुठेतरी त्या उलट्या जोडल्या जातात. कंपनीकडे पैसे नसले की माणसाच्या कामात खोट काढतात. माणसाचं काम खरंच कमी असलं की तोंडावर बोलायला नको म्हणून कंपनीच्या परिस्थितीचं गाऱ्हाणं सांगतात. दोन्हीकडे स्पार्क उडतो.

पहिल्या प्रकारात मी स्वतः सही केली आहे, म्हणून तोच आधी सांगते.

२०१९. वाहन उद्योगाला मंदी लागली होती, गिऱ्हाईकांकडून येणारं शेड्यूल दर महिन्याला खाली येत होतं. वाढ अगदी नावापुरती द्यायची असं ठरलं. पण ‘पैसे नाहीत’ असं म्हणायचं नाही. बाजारात बोभाटा होतो, पत्रेवाला उधारी बंद करतो. मग कारण काय लिहायचं? अप्रेझल फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात सरसकट ‘सुधारणा अपेक्षित’ लिहिलं गेलं. नव्वद फॉर्म. खाली माझ्या सह्या.

आमच्याकडे एक डाय सेटर होता, म्हणजे प्रेसवर डाय (साचा) बसवणारा, चौदा वर्षांची सर्व्हिस. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीसुद्धा. पत्र मिळाल्यावर तासाभराने तो माझ्या केबिनमध्ये आला. काखेत रिजेक्शनचं रजिस्टर. टेबलावर ठेवलं, बोटाला थुंकी लावली आणि मागच्या एप्रिलचं पान काढलं.

“मॅडम, माझ्या सेटिंगवर पहिला पीस कधी फेल गेला तेवढं दाखवा. पानं मी उलटतो.”

तो खरंच एकेक पान उलटत गेला. मे, जून, जुलै. मी ऑक्टोबरपर्यंत बघितलं आणि मग रजिस्टरकडे बघायचं थांबवलं. तो काही बोलला नाही. माझंच पेन घेऊन पत्राच्या ऑफिस कॉपीवर ‘मिळाले’ म्हणून सही केली, रजिस्टर उचललं आणि गेला.

मला वाटलं राजीनामा येईल. आला नाही. त्याने फक्त एक गोष्ट बंद केली. शिफ्ट सुटल्यावर तो पंधरा-वीस मिनिटं थांबायचा आणि पुढच्या सेटरला सांगायचा, या डायला मागच्या डाव्या कोपऱ्यात एक शिम (पातळ पट्टी) लागते, त्या डायचा स्ट्रिपर जरा आवळून घे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ते मामाच्या डोक्यात होतं. त्या दिवसापासून तीनच्या ठोक्याला तो हात धुऊन बसमध्ये बसू लागला. चाळीस मिनिटांत बदलणारी डाय दुसऱ्या शिफ्टला सव्वा तास खाऊ लागली. त्याच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. वेळेवर येत होता, वेळेवर जात होता.

उलट्या प्रकाराची गोष्ट लहान आहे. एक तरुण ऑपरेटर, महिन्याला चार-पाच दांड्या, रीवर्क (बिघडलेलं काम पुन्हा करणं) भरपूर. त्याच्या सुपरवायझरने त्याला खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “यंदा बजेटच नाही रे भाऊ, काय करणार.” पोरगा समजुतीने गेला. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरच्याला २,२०० लागल्याचं कळलं. दोन वाजता तो माझ्या दारात. “मॅडम, बजेट फक्त माझ्यापुरतंच संपलं होतं का?”

सुपरवायझरवर मी चिडले, पण त्याचीही बाजू होती. दोघं सिडकोत एकाच गल्लीत राहतात. गणपतीत एकाच मंडळात आरतीला उभे असतात. ‘तुझं काम कमी पडतं’ हे सकाळी कारखान्यात सांगायचं आणि संध्याकाळी त्याच्याच आईच्या हातचा चहा प्यायचा, हे सोपं नाही. बाहेरून येऊन ट्रेनिंग देणाऱ्यांच्या हे गावीच नसतं.

तपासणी

वायर कुठली ते ठरवायला मी एक प्रश्न वापरते. हाच माणूस हेच काम, ऑर्डर भरपूर असलेल्या कारखान्यात करत असता, तर त्याला याहून जास्त वाढ मिळाली असती का? हो असेल तर कारण कंपनीचं आहे, त्याच्या कामाबद्दल तोंड उघडायचं नाही. नाही असेल तर कारण त्याचं आहे, बाजाराचं नाव काढायचं नाही.

बऱ्याचदा उत्तर ‘थोडं हे, थोडं ते’ असं येतं. तेव्हा आकडा फोडायचा. गेल्या वर्षी सगळ्यांची मूळ वाढ १,५०० होती, यंदा ऑर्डर कमी म्हणून ती ९०० वर आली, हा कंपनीचा भाग. त्यातले ३०० तुमच्या गैरहजेरीमुळे कमी झाले, हा तुमचा. दोन ओळी, दोन आकडे. फोडता येत नसेल तर आपल्यालाच कारण माहीत नाही असं समजायचं आणि पत्र छापायचं नाही.

कारण माणसाचं ठरलं तर दुसरी तपासणी: हे त्याला आधी कधी सांगितलं होतं? तारीख कुठली? एप्रिलमध्ये दिसणारा हा फॉल्ट बहुतेक वेळा ऑगस्टमध्ये झालेला असतो, जेव्हा सुपरवायझरने रीवर्कचा ढीग बघितला आणि ‘जाऊ दे’ म्हणून पुढे गेला. आमच्याकडे आता नियम आहे. डिसेंबरच्या आत लेखी किंवा निदान रजिस्टरवर सहीनिशी सांगितलं नसेल, तर ते कारण एप्रिलमध्ये वापरायचं नाही. यावर मालकांशी माझं दोनदा वाजलं. “म्हणजे कामचुकारालाही वाढ द्यायची?” हो, यंदा द्यायची. चूक आपली होती, दंड आपण भरायचा. पुढच्या ऑगस्टला सुपरवायझर गप्प बसत नाही.

कोणी सांगायचं

तीन तोंडं ठेवली आहेत. कंपनीचं कारण मालकांनी सांगायचं, शॉपमध्ये, उभ्याने, सगळ्यांसमोर, पत्रं वाटायच्या आदल्या दिवशी. कामाचं कारण सुपरवायझरने, केबिनमध्ये, रजिस्टर समोर ठेवून. आकडा मी. सुपरवायझर शेजारी बसलेला असतो, त्यामुळे बाहेर गेल्यावर त्याला ‘मला काय माहीत, वरून आलं’ म्हणता येत नाही.

बसल्यावर पहिलं वाक्य आकड्याचं. प्रशिक्षणात शिकवतात की आधी कौतुक, मध्ये वाईट बातमी, शेवटी पुन्हा कौतुक. मी चार वर्षं तसं केलं. एक वेल्डर तर हसत बाहेर पडला, पेढे द्यायचे का विचारून गेला, आणि सात तारखेला पगार बघून आला तेव्हा त्याला वाटलं टाइम ऑफिसची चूक आहे. त्यानंतर ते सोडलं.

आता बोलणं साधारण असं असतं. “दादा, बसा. यंदा तुमची वाढ ६०० रुपये आहे. गेल्या वर्षी १,५०० होती. मूळ वाढ यंदा सगळ्यांचीच ९०० आहे, ते काल साहेबांनी सांगितलं. त्यातले तुमचे ३०० गैरहजेरीमुळे कमी झाले. न सांगता घेतलेल्या सुट्ट्या सतरा, या त्यांच्या तारखा. सप्टेंबरमध्ये आणि डिसेंबरमध्ये तुमच्याशी बोलणं झालं होतं.” एवढं झालं की गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड. समोरचा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसतो आणि आपल्याला काहीतरी गोड बोलून ती शांतता मोडावीशी वाटते. मोडायची नाही. बहुतेक वेळा तोच बोलतो, आणि तेव्हा खरं काय ते कळतं. त्या सतरा सुट्ट्यांमधल्या अकरा सुट्ट्या वडिलांच्या डायलिसिसच्या होत्या असं एकदा निघालं. आठवड्यातले ठरलेले दोन दिवस, आणि आम्ही त्याला दर वेळी ‘न सांगता’ लिहीत होतो, कारण सुपरवायझर फोन उचलत नव्हता. ते पत्र परत घेतलं, ३०० परत लावले. अशी पत्रं परत घ्यायची तयारी नसेल तर केबिनमध्ये बोलावण्यात अर्थ नाही, पाकीट गेटवर दिलेलंच बरं.

काही वाक्यं मी बंद केली आहेत. ‘समजून घ्या.’ ‘पुढच्या वर्षी बघू’, कारण ते तारखेनिशी लक्षात ठेवलं जातं. ‘तुमच्यापेक्षा कमी मिळालेलेही आहेत.’ आणि ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे तर त्या आठवड्यात अजिबात नाही. घरात भावाला कोणी पगाराची स्लिप देत नाही.

पत्राची भाषा

हे मला फार उशिरा कळलं. आमची पत्रं इंग्रजीत असायची, सल्लागाराने दिलेला जुना नमुना. पेठकडचा एक हेल्पर पत्र घरी घेऊन गेला. त्याला इंग्रजी येत नाही. त्याने ते दहावीतल्या मुलीकडून वाचून घेतलं. बापाची कामगिरी अपेक्षेपेक्षा खाली असल्याचं त्या पोरीने मोठ्याने वाचलं आणि मग त्याला मराठीत समजावून सांगितलं. हे त्यानेच मला नंतर सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सहज.

त्यानंतर पत्र मराठीत, एका पानात, आणि केबिनमध्ये वाचून दाखवल्याशिवाय हातात द्यायचं नाही. मराठी म्हणजेही ‘आपली कार्यक्षमता विहित पातळीपेक्षा न्यून आढळल्याने’ असली नाही. ‘एप्रिल ते मार्च या वर्षात तुम्ही न कळवता सतरा दिवस गैरहजर होतात, म्हणून वाढ ३०० रुपयांनी कमी आहे.’ कोर्टात गेलं तरी हेच वाक्य जास्त उपयोगी पडतं.

वेळ

आमची सुट्टी शनिवारी असते, म्हणून पत्रं मंगळवारी-बुधवारी. शुक्रवारी दिलं की माणूस दीड दिवस घरी ते चघळतो आणि रविवारी भांडायच्या तयारीने येतो. शिफ्ट सुटताना द्यायचं नाही, बस उभी असते, दहा जण खिडकीतून हाका मारतात. सात तारखेला नाही. आणि तिन्ही शिफ्टना एकाच दिवशी. पूर्वी तिसऱ्या शिफ्टची पाकिटं सिक्युरिटीकडे ठेवून मी सहाला घरी जायचे. म्हणजे ज्याला वाईट बातमी, त्याला ती रात्री अकराला वॉचमनच्या हातून. आता त्या दिवशी मी साडेअकरापर्यंत थांबते. वर्षातून एक रात्र.

आकडे फुटतात, ते थांबत नाहीत. प्रिंटरवर विसरलेला कागद, अकाउंट्समधल्याचा मेव्हणा, काहीही. बोनसची यादी एकदा दुपारी दोनला छापली आणि अडीचला व्हॉट्सॲपवर होती. फुटतील असं धरूनच आकडे ठरवायचे. दोन शेजारच्या मशीनवरच्या माणसांची पत्रं एकमेकांसमोर ठेवली तर आपल्याला फरक समजावता येतो का, हे मी छापण्याआधी जोड्या लावून बघते.

ज्या ‘बातम्या’ देताच येत नाहीत

छोट्या कारखान्यांत काही गोष्टी वाईट बातमी म्हणून सांगितल्या जातात, पण त्या कायद्यात बसत नाहीत. ‘तोटा आहे, यंदा बोनस नाही’ ही त्यातली पहिली. किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो, जुन्या कंपनीला तोटा झाला तरी, ज्याचं वेतन सरकारने ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे त्याला; १९६५ च्या बोनस कायद्यात ती मर्यादा महिना २१,००० होती. त्या कायद्यात हिशोब ७,००० किंवा त्या कामाचं किमान वेतन, जे जास्त असेल त्यावर होता. मार्चमध्ये वर्ष संपत असेल तर मुदत नोव्हेंबरअखेर. दिवाळी ही आपली रीत. आणि किमान बोनस कामगिरी बघून कापता येत नाही. तिथेही तीच उलटी वायर.

दुसरी, ‘रिजेक्शन गेलं, पगारातून कापलं’. मनाने कापता येत नाही. दंड करायचा तर तो महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या आत, ठरवून जाहीर केलेल्या कारणांसाठीच, आणि त्याचं म्हणणं ऐकल्यावर. तिसरी, चालू पगारच किंवा भत्ता कमी करणं. वेतनाच्या अटी बदलायच्या तर २१ दिवस आधी नोटीस लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही मुदत तेवढीच आहे. हे आधी वकिलाशी, मग कामगाराशी.

वाढ हीच वाईट बातमी

हा प्रकार लक्षात येत नाही म्हणून लिहिते. वेतन २१,००० च्या वर गेलं की ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कव्हर आज ना उद्या जातं. एका फिटरच्या बायकोचे उपचार सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलमधून चालू होते. आम्ही आनंदाने त्याला चांगली वाढ दिली. तो पत्र घेऊन परत आला आणि म्हणाला, “मॅडम, मला पाचशे कमी द्या.” मला पाच मिनिटं कळेचना. आता २१,००० ची रेघ ओलांडणाऱ्यांची यादी मार्चमध्येच काढते आणि त्यांच्याशी आधी बोलते. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये त्यांना घेतो, पण आधीपासूनचा आजार त्यात लगेच बसेल का ते प्रत्येकाचं पॉलिसीत बघावं लागतं.

आणि फेब्रुवारीचे १०० रुपये. व्यवसाय कर अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापला जातो. दरवर्षी मार्चच्या सात तारखेला वीस-पंचवीस जण स्लिप घेऊन उभे असतात, आणि एप्रिल तोंडावर असल्यामुळे त्यांना वाटतं कापाकापी सुरू झाली. आता जानेवारीतच टाइम ऑफिसच्या काचेवर एक कागद चिकटवतो. तरी चार-पाच जण येतातच.

जे अजून सुटलेलं नाही

मामा निवृत्त झाला. त्याच्याकडून शिमांची यादी मी लिहून घेतली, पण त्यासाठी आधी २०१९ चं पत्र परत मागून त्याला नवं द्यावं लागलं, दोन वर्षांनी. त्याने जुनं पत्र घडी करून पाकिटात ठेवलेलं होतं.

दुसरं एक जमलेलं नाही. आमच्या पत्रांच्या आसपास कधी कधी पेपरात बातमी येते, नाशिकच्या अमुक मोठ्या कंपनीत करार झाला, बारा-पंधरा हजारांची वाढ, फटाक्यांसह फोटो. ती वाढ तीन वर्षांची मिळून असते, त्यात काही भाग हातात न येणारा असतो, हे मी समजावून सांगते. लोक ऐकतात, मानही हलवतात. पण त्या सकाळी मी ऑफिसला पोचते तेव्हा कँटीनमधला पेपर, बरोबर त्याच पानावर घडी घालून, माझ्या टेबलावर ठेवलेला असतो. कोण ठेवतं ते मी विचारत नाही. वाचते आणि कँटीनमध्ये परत पाठवते.